एक खिळा ठोकू द्या!

आमच्या घरात एकूण १४,३१२ फोटो आहेत. हा आकडा मी अंदाजपंचे सांगत नाही. आमच्या चिरंजीवांनी स्वतःचा, सूनबाईंचा, हिचा आणि माझा असे चार फोन पुढ्यात घेऊन रीतसर बेरीज केली आणि सातबाऱ्यावर तितके एकर लागावेत अशा थाटात ती मला ऐकवली. १४,३१२! आणि आमच्या दिवाणखान्याच्या चार भिंतींवर काय आहे म्हणाल, तर एक घड्याळ, एक बँकेचं कॅलेंडर आणि रंगाऱ्याच्या बोटांचे दोन ठसे.

म्हणजे फोटो आहेत, पण दिसत नाहीत. परमेश्वराबद्दल असं कुणी म्हटलं तर मी हात जोडीन. फोटोबद्दल का जोडावेत?

गेल्या महिन्यात माझे कचेरीतले एक जुने स्नेही घरी आले होते. चहा आला. ते म्हणाले, ‘‘नातू केवढा झाला हो? फोटो तरी दाखवा.’’ साधी मागणी. पूर्वीचा यजमान असता तर बशीतून चहा पिता पिता त्यानं नुसता अंगठा भिंतीकडे केला असता आणि म्हणाला असता, ‘‘तो काय!’’ मी फोन काढला. मग चष्मा शोधला. मग चष्म्यानं फोन शोधला. पहिला फोटो निघाला विजेच्या बिलाचा. दुसरा कुठल्याशा मॉलच्या तळघरातल्या खांबाचा. त्यावर ‘बी-२७’ असं लिहिलेलं, गाडी कुठे लावली ते विसरू नये म्हणून काढलेला. मग आधार कार्डाची पुढची बाजू. मग मागची बाजू. मग ‘शुभ सकाळ’ म्हणणारे गुलाब. सात जणांनी पाठवलेले सात गुलाब, सातही एकाच कुंडीतले. मग माझ्याच तळव्याचा एक फोटो. तो कधी निघाला हे मला ठाऊक नाही, तळव्यालाही नसावं. त्यानंतर आला माझ्या गुडघ्याचा एक्स-रे. तिथे स्नेही थबकले. त्यांचाही गुडघा दुखत होता. पुढचा पाऊण तास आम्ही गुडघ्यावर बोललो आणि नातू राहिला तो राहिलाच. जाताना ते दारात म्हणाले, ‘‘काही म्हणा, गुडघा झकास आलाय हो फोटोत!’’

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी जाहीर केलं, की ह्या घरात यापुढे फोटो भिंतीवर लागतील. ते मी स्वतः निवडीन, स्वतः तयार करीन, घरी छापीन, घरीच चौकटीत बसवीन आणि खिळाही मीच ठोकीन. एवढं बोलून मी हातोडी शोधायला उठलो आणि आमच्या घरात यादवी सुरू झाली.

विरोधी पक्ष तीन निघाले. पहिला पक्ष आमची ही. तिचं म्हणणं असं, की भिंतींना दिवाळीत नवा रंग दिलाय, त्या रंगाच्या डब्यावर काहीतरी रेशमी नाव आहे, आणि त्या रेशमाला मी भोक पाडता कामा नये. ह्यावर मी एवढंच विचारलं, की साडी नेसायचीच नाही, नुसती घडी बघत बसायची असेल तर ती घ्यायची कशाला? हा प्रश्न साडीच्या संदर्भात विचारायला नको होता. तो आठवडा माझ्या दृष्टीनं वाया गेला.

दुसरा पक्ष चिरंजीव. ते फोनमधून मान वर न करता म्हणाले, ‘‘बाबा, भिंतीवर कशाला? आपले सगळे फोटो वर आहेत.’’

माझ्या काळजात चर्र झालं. आमच्या पिढीत कुणी ‘वर आहे’ असं कळलं, की ‘कधी गेले?’ असं विचारायची पद्धत आहे. मग खुलासा झाला, की वर म्हणजे क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढग. आता ढगातली वस्तू खाली यायची एकच रीत मला माहीत आहे. ती जूनमध्ये येते, आणि तीसुद्धा वेधशाळेनं सांगितलेल्या तारखेला येत नाही. बरं, हा ढग तरी खरा आहे का? तोही नाही. कुठल्या तरी दूर गावच्या गोदामात यंत्रं मांडलेली आहेत, त्यांत आपले फोटो ठेवायचे, आणि थोड्या जागेपलीकडे जागा लागली तर महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं. म्हणजे नातवाचं बारसं, आमची साठी, आईचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा, सगळे भाडेकरू! भाडं थकलं की सामान रस्त्यावर. शिवाय त्या गोदामाला कुलूप. किल्लीला म्हणे पासवर्ड म्हणतात, आणि तो फक्त चिरंजीवांना ठाऊक असतो. तोही कधीकधी.

भिंतीला पासवर्ड नसतो. तिच्याकडे बघायला अंगठ्याचा ठसा द्यावा लागत नाही. वीज गेली तर मेणबत्तीच्या उजेडात फोटो दिसतो, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगला दिसतो.

तिसरा पक्ष सगळ्यांत बलाढ्य. आमची आत्या. वय वर्षं शहाऐंशी. ती आमच्याकडेच असते आणि शेवटचा शब्द तिचा असतो. तिनं जपमाळ खाली ठेवून निकाल दिला, ‘‘जित्या माणसांचे फोटो भिंतीवर लावू नयेत. अभद्र असतं ते.’’

आत्याचा हा मुद्दा नुसता हसून उडवण्यासारखा नाही. आपल्याकडे भिंतीवर लागण्याची एकमेव पात्रता म्हणजे मरण, असं आपण ठरवूनच टाकलं आहे. १८९४ साली राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती ही मंडळी घरोघरी काचेत येऊन बसली. पुढे त्यांच्या शेजारी माणसांच्याही तसबिरी लागू लागल्या. पण देवांच्या पंगतीला बसायचं, तर माणसानं निदान देवाघरी जाऊन यावं अशी अट पडली. आमच्या सातारच्या वाड्यात माजघरात अशी पाच माणसं ओळीनं होती. पाचही पगडीवाले, पाचही रागावलेले. आम्ही मुलं त्यांच्यासमोर लाडू चोरायला भीत असू. ते जिवंतपणी कसे हसायचे, हे त्या माजघरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि ह्या रिवाजाचा परिणाम काय होतो, तो मी आत्याला सांगितला नाही. ती तिथे होतीच.

माझा थोरला भाऊ, दादा, २०२२ साली गेला. दहाव्याच्या आधी फोटो हवा म्हणून घरात जमलेले सगळे फोन काढून बसले. दादाचे फोटो निघाले शेकड्यांनी. एकात तो जेवतोय, एकात शिंकतोय, एकात पाठमोरा आहे, एकात दुसऱ्याच कुणाचा फोटो काढला आहे आणि कडेला दादाचा कान आलेला आहे. माणूस सत्तरीपर्यंत जगला, पण ‘हा दादा’ असं म्हणून कुणी एकदाही त्याच्यासमोर नीट उभं राहिलं नव्हतं. अखेर पुतणीच्या लग्नातला एक घोळक्याचा फोटो पसंत पडला. त्यात दादा हसत होता. पण तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत आलेला. अशा प्रवासात फोटो फार रोडावतो. निघाला तेव्हा चार हजार ठिपके रुंद होता, पोहोचला तेव्हा सोळाशे. त्यांत माणसं सहा. दादाच्या वाट्याला जेमतेम तीनशे ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे दादाचा फोटो व्हायला हवा होता एक इंचाचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आम्हांला हवा होता बारा इंच रुंद. इंचाला पंचवीस ठिपके! तो चेहरा नव्हता, ती रांगोळी होती.

एका फोटोवाल्यानं सांगितलं, ‘‘काळजी करू नका, सुधारून देतो.’’ आणि त्यानं दादाला सुधारलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं शाळेत पांढरा सदरा आणि पायजमा घालून गणित शिकवलं, त्याला त्यानं निळा कोट आणि लाल टाय चढवला. कपाळावरच्या आठ्या पुसल्या. गालावरचा तीळ, आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आलेला तीळ, तो डाग समजून काढून टाकला. मागे एक बर्फाचा डोंगर ठेवला. दादा महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा कानटोपी घालायचा.

वहिनी त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हे कोण?’’

दादा असता तर पोट धरून हसला असता. मला हसू आलं नाही. आजही ती गोष्ट लिहिताना मी ती विनोदी करून सांगतो आहे, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं आहे, की माणूस हयात असताना, हसत असताना, त्याच्या सदऱ्यात आणि त्याच्या तिळासकट त्याला भिंतीवर लावा. आणि हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. ज्याला तो तीळ माहीत आहे, त्यानंच ते केलं पाहिजे.

आत्या गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे परवानगी, असा अर्थ मी घेतला आणि कामाला लागलो.

पहिलं काम निवडीचं. १४,३१२ फोटोंना मी चाळणी लावली. बिलं गेली, खांब गेले, गुलाब गेले, गुडघा गेला. मग एकाच क्षणाचे अकरा अकरा फोटो होते, त्यांतले दहा दहा गेले. मग जेवणाच्या ताटांचे गेले. आम्ही जेवलो ह्याचा इतका पुरावा कोण मागणार आहे? दोन आठवडे चाळता चाळता शेवटी बारा फोटो उरले. आणि हा बाराचा आकडा बघून मला एकदम आमचे अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे ‘आगफा क्लिक थ्री’ कॅमेरा होता. त्यात एकशेवीस नंबरचा रोल बसायचा आणि त्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. फक्त बारा. अण्णा एका फोटोचा जेवढा विचार करत, तेवढा त्यांनी माझं कॉलेज निवडतानाही केला नाही. रोल एका दिवाळीला घातला तर दुसऱ्या दिवाळीला संपायचा. मग तो धुवायला टाकायचा आणि आठ दिवस वाट बघायची. एकाच रोलमध्ये माझी मुंज, दादाची नवी सायकल आणि गणपती, सगळं वर्ष मावायचं. बारा फोटोंत वर्ष मावतं, ही गोष्ट चिरंजीवांना मी अजून पटवू शकलेलो नाही.

आता ह्या डिजिटल प्रकाराचं मूळही मी शोधून काढलं. शत्रूचा इतिहास माहीत असावा. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या फोटोत दहा हजार ठिपके असायचे, म्हणजे शंभर गुणिले शंभर, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागायचे. तेवीस सेकंद! तो वेग तसाच राहिला असता तर ते ‘शुभ सकाळ’चे गुलाब जन्मालाच आले नसते. पुढे वेग वाढला, ठिपके वाढले, रोल गेले, आणि २०१२ साली खुद्द कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. ज्यानं भस्मासुराला वर दिला, त्याच्याच डोक्यावर हात.

निवडीनंतर छपाई. मी एक छोटा रंगीत प्रिंटर आणला. प्रिंटर ही वस्तू म्हशीसारखी असते. दोहली नाही तर आटते. महिनाभर काही छापलं नाही की शाईची बारीक छिद्रं वाळून बुजतात आणि मग आकाश गुलाबी येतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी एखादं रंगीत पान छापावं. शाईच्या किमतीबद्दल मी बोलत नाही. रक्तदाब वाढू नये असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

पहिला फोटो आमच्या काश्मीरच्या सहलीचा. सहा बाय चारच्या कागदावर काढला, तर बोटीत उभ्या असलेल्या सगळ्यांचे माथे गायब. मी प्रिंटरला शिव्या दिल्या. दोष त्याचा नव्हता. फोनचा फोटो असतो चारास तीन ह्या मापाचा आणि सहा बाय चारचा कागद असतो तिनास दोन मापाचा. कागद भरायचा तर फोटोचा नववा हिस्सा छाटावा लागतो, आणि छाटणारं यंत्र माणूस आणि आभाळ यांत फरक करत नाही. तेव्हा एक तर कुठे छाटायचं ते आपण ठरवावं, नाही तर आठ बाय सहाचा कागद घ्यावा. चारास तीनचंच माप ते. सगळ्यांचे माथे धडावर राहतात. आणि फोटो नेहमी ज्याच्या फोनवर निघाला त्याच्याकडूनच मूळचा आणावा, ग्रुपवरून उतरवलेला घेऊ नये. चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा मूळ फोटो तेरा बाय दहा इंचांपर्यंत सुखानं छापता येतो. दादाच्या फोटोच्या वेळी हे एवढं कुणाला माहीत असतं तर!

दुसऱ्यांदा माथे आले, पण काश्मीरची दुपार कागदावर उतरली ती लोडशेडिंग होऊन. इथेही प्रिंटर निर्दोष. फोनचा पडदा हा स्वतः दिवा असतो. कागद बिचारा दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. त्यामुळे पडद्यावर झगझगीत दिसणारा फोटो कागदावर मावळल्यासारखा येतो. ह्याला उपाय असा, की आधी फोनच्या पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा, मग फोटो कसा दिसतो ते बघून हवा तेवढा उजळावा, आणि मोठा काढण्याआधी एक छोटा नमुना काढून, जिथे लावायचा त्याच भिंतीवर, दिवसा एकदा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये एकदा धरून बघावा. मुलगी दाखवायला नेतात तेव्हा दोनदा बघतात की नाही? मग फोटोनं काय घोडं मारलंय?

तिसरी गोष्ट चौकटीची. ताजा छापलेला फोटो एक दिवस उघडा वाळू द्यावा. लगेच काचेत कोंडला तर काचेला आतून धुरकट घाम येतो. फोटो काचेला टेकू देऊ नये. मधे जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून बसवावी, तिला फ्रेमवाले माउंट म्हणतात. ती नुसती शोभेची नसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेकलेला फोटो काचेला असा चिकटतो, की पुढे सोडवायला गेलं तर नाक काचेवर राहतं आणि बाकीचा माणूस हातात येतो. सेलोटेपनं फोटो चिकटवू नये. टेप पिवळी पडते आणि फोटोलाही पिवळं करते. साध्या खोक्याचा पुठ्ठा पाठीमागे घालू नये, त्यातलं आम्ल कागद खातं. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि थेट उन्हात फोटो लावू नये. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या दोन टिकल्या चिकटवाव्यात, म्हणजे मागून हवा खेळते. हे सगळं करूनही फोटो कधीतरी फिका पडेलच. पडू दे. आपण तरी कुठे पहिल्यासारखे राहतो?

अशी तयारी चालली असताना एका रविवारी चिरंजीव एक गुंडाळी घेऊन आले. म्हणाले, ‘‘बाबा, तुमच्यासाठी सरप्राइज.’’ मुलगा शत्रुपक्षातून आमच्या बाजूला आला म्हणून मला आनंद झाला. मी गुंडाळी उलगडली.

फोटो ओळखीचा होता. महाबळेश्वर, वेण्णा तलावाचा काठ, मे १९७१. अण्णांनी काढलेला. आई, दादा, आक्का आणि मी. मी आठ वर्षांचा, तोंडात कणीस. मूळचा फोटो काळा-पांढरा, सव्वादोन इंच चौरस, अल्बममध्ये काळ्या कोपऱ्यांत बसवलेला. चिरंजीवांनी फोननं त्याचा फोटो घेतला होता, ओरखडे काढले होते, रंग भरले होते आणि कागदभर मोठा करून आणला होता. आईची साडी निळी झाली होती. ती डाळिंबी होती, पण ते यंत्राला कसं कळणार? तेही मी सोडून दिलं असतं.

‘‘आणि खाली तो मोठा काळा डाग होता ना, गवतावर,’’ चिरंजीव उत्साहानं म्हणाले, ‘‘तो पण काढून टाकला. एका टिचकीत गेला बघा.’’

मी बघितलं. गवत स्वच्छ होतं.

त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांचा पहिला नियम असा, की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. म्हणून जुन्या फोटोंत सगळ्यांचे डोळे किलकिले असतात. आणि ऊन कलतं असलं, की काढणाऱ्याची सावली पुढे पडते. वेण्णेच्या काठी संध्याकाळ होती. अण्णांची सावली गवतावरून सरळ येऊन आईच्या पायांशी थांबली होती. डोकं किंचित उजवीकडे कललेलं, दोन्ही कोपरं बाहेर. कॅमेरा अण्णांच्या हातात, त्यामुळे आमच्या अख्ख्या अल्बममध्ये अण्णा कुठेच नाहीत. त्यांचा फोटो म्हणून आमच्याजवळ आहे तो नोकरीच्या ओळखपत्रावरचा, शिक्क्यानं अर्धा खाल्लेला. ते १९८१ साली गेले. चिरंजीवांनी त्यांना पाहिलेलं नाही.

‘‘तो डाग नव्हता रे,’’ मी म्हणालो. ‘‘ते तुझे आजोबा होते.’’

चिरंजीव काही बोलले नाहीत. मुलगा गुणी आहे. त्यानं जे केलं ते प्रेमानंच केलं होतं, दादाला कोट घालणाऱ्या माणसानंही बहुधा मायेनंच घातला असेल. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण आहे ते ह्या सुधारण्याच्या टिचकीशी. तिला डाग आणि बाप ह्यांतला फरक कळत नाही आणि ती विचारायला थांबत नाही. आजवर फोटोतून माणसं काळानं पुसली. काळ निदान चाळीस-पन्नास वर्षं घेतो.

पण इथेच कागदाचा मोठेपणा आहे. टिचकीनं पुसलेलं पडद्यावर पुसलं गेलं; मूळचा सव्वादोन इंचांचा तुकडा अल्बममध्ये जागच्या जागी होता आणि अण्णा त्यात शाबूत उभे होते. चोपन्न वर्षांत कुणी त्यांना भाडं मागितलं नव्हतं, की पासवर्ड विचारला नव्हता. चिरंजीव स्वतःच उठले आणि अल्बम घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून तो फोटो सपाट स्कॅनरवर घातला. इंचाला सहाशे ह्या हिशेबानं घेतला, तर रुंदीला साधारण चौदाशे ठिपके मिळाले. सात इंचांवर पसरले तर इंचाला दोनशे पडतात; हातात धरून बघायच्या फोटोला कमी, पण भिंतीवर हातभर अंतरावरून बघायला पुरे. रंग भरले नाहीत. ओरखडे राहू दिले. धूळ तेवढी झटकली, तीसुद्धा स्कॅनरच्या काचेवरची.

कागद प्रिंटरमधून इंचाइंचानं बाहेर येत होता. आधी झाडं आली, मग दादा, मग आई, मग माझं कणीस, आणि शेवटी गवतावरून सावली.

‘‘आजोबा उंच होते का हो?’’ चिरंजीवांनी विचारलं.

‘‘संध्याकाळी सगळ्यांचीच सावली उंच असते,’’ मी म्हणालो. ‘‘पण होते. उंच होते.’’

मग खिळा. हल्लीच्या भिंतीत साधा खिळा शिरत नाही. पहिला वाकला, दुसरा उडून झुंबराला लागला, तिसऱ्याला माझा अंगठा आडवा आला. अखेर हीच स्टुलाशी येऊन म्हणाली, ‘‘अहो, तिथे नको. जरा डावीकडे घ्या, उजेड चांगला येतो.’’ रेशमी रंगाचं नाव तिनं काढलं नाही. चिरंजीव ड्रिल घेऊन आले आणि एका मिनिटात भोक पडलं. यंत्राला मी सरसकट वाईट म्हणत नाही, ते अशासाठी.

फोटो लागला. आत्या काठी टेकत आली. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. रांगेतल्या चेहऱ्यांकडे तिनं पाहिलंच नाही. तिचं बोट काचेवर सरळ खाली गेलं.

‘‘हा आमचा अण्णा,’’ ती म्हणाली. ‘‘कोपरं बघ कशी बाहेर काढलीत! फोटो काढताना असाच उभा राहायचा. मी म्हणायची, उडणारेस का काय?’’

ती बराच वेळ तिथे उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘माझा पण एक काढ. तो निळ्या काठाच्या लुगड्यातला नको, तो मेला सगळ्यांना आवडतो. साधा काढ. आणि लगेच लाव.’’

‘‘आत्या, जित्या माणसांचे लावू नयेत म्हणत होतीस ना?’’

‘‘गाढवा,’’ आत्या म्हणाली, ‘‘मेल्यावर लावलास तर मला दिसणार आहे का?’’

ह्या मुद्द्यावर शास्त्रात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही, पण माझा वाद तिथे संपला. आता आमच्या भिंतीवर तेरा फोटो आहेत. आत्याचा तेरावा, गालावरच्या तिळासकट, तो मी मुद्दाम उजेडाच्या बाजूनं घेतला. परवा ते गुडघेवाले स्नेही पुन्हा आले. चहा आला. मी बशी उचलली आणि नुसता अंगठा मागे केला, ‘‘तो काय नातू!’’

तुमच्याही घरात काही हजार फोटो असतील. ते वर आहेत, असं तुमचे चिरंजीव सांगत असतील. त्यांतले बारा आज रात्री खाली उतरवा. आणि घरचे भिंतीच्या रंगाबद्दल काही बोलले तर त्यांना एवढंच सांगा, की रंग पुन्हा देता येतो.